डर्ट बाइकच्या लिंकेजची बेअरिंग घरी बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटोक्रॉसची गाडी तीन हंगाम चालली, मागचं चाक हाताने वर उचललं की 'टक' असा आवाज येतो, आणि लिंकेज (चाक धरणारा चिमटा आणि मागचा शॉक यांना जोडणारे दांडे) उघडल्यावर एका बेअरिंगमधून सुयांऐवजी, म्हणजे त्यातल्या बारीक रोलरांऐवजी, तांबडी भुकटी बाहेर आली. हायड्रॉलिक प्रेस नाही, पण चांगला व्हाइस आहे. हे काम घरी होईल का, गेलेलं एकच बेअरिंग बदललं तर चालेल का, आणि नवं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर काय बिघडतं?

घरी नक्की होईल. माझ्याकडे प्रेस आहे, तरी लिंकेजची बेअरिंग मी बहुतेक वेळा सॉकेट आणि आट्यांच्या रॉडनेच काढतो आणि बसवतो. प्रेसच्या दांड्यावर सगळा जोर सारखाच वाटतो. रॉडवरचा नट फिरवताना मात्र बेअरिंग सरळ चाललंय की तिरकं, हे मनगटाला कळतं. एकच बेअरिंग बदलायचं की सगळी, हे बाकीच्यांची अवस्था बघून ठरवावं लागेल. हातोडीचं उत्तर मात्र सरळ 'नको' असं आहे, कारण पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही लिंकेज उघडून गंज पाहिला आहे, म्हणजे निदान बरोबर आहे. पण तो आवाज फक्त तिथूनच येत होता, असं धरून चालू नका. एका गाडीचं लिंकेज मी पूर्ण नवं केलं, गाडी स्टँडवर चढवली, चाक उचललं, आणि 'टक' तसाच. शॉकच्या वरच्या टोकाचं गोलाकार बेअरिंग झिजलेलं होतं. ते मी आधी तपासलंच नव्हतं. म्हणून आता जोडणी सुटी करण्याआधी मी नेहमी हे करतो: गाडी इंजिनखाली स्टँड घेऊन उभी, मागचं चाक अधांतरी. एकाने चाक अगदी हलकेच वर-खाली करायचं, जोर लावायचा नाही, स्प्रिंग दाबायची नाही. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट असं ठेवायचं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं शेजारच्या भागावर येईल. ज्या जोडात ढिलाई आहे तिथे बोटाखाली पायरी सरकल्यासारखी जाणवते. शॉकचं खालचं टोक, वरचं टोक, बेलक्रँक (लिंकेजचा झुलणारा तुकडा), पुल रॉड (त्याला जोडलेला दांडा), सगळीकडे बोट फिरवा. नंतर चाक धरून चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, डावी-उजवीकडे हलवून पाहा. आडवी ढिलाई असेल तर ती स्विंगआर्मच्या मुख्य पिव्हटची किंवा चाकाच्या बेअरिंगची असते. तुमचं लिंकेज सुटं असेल तर तात्पुरतं जोडून ही तपासणी करा. अर्धा तास जाईल, पण पुन्हा सगळं उघडावं लागणार नाही.

चाकाला जाणवणारी ढिलाई ही जोडातल्या ढिलाईच्या दोन-तीन पट असते, कारण चाक जेवढं हलतं त्याच्या निम्म्याहून कमी शॉक हलतो. मोठ्या मोटोक्रॉस गाडीत चाकाचा प्रवास साधारण 300 मिमी आणि शॉकचा 130 मिमीच्या आसपास असतो. म्हणून जोडात मिलिमीटरचा तिसरा हिस्सा ढिलाई असली तरी चाकाला जवळपास एक मिलिमीटर दिसते. याच हिशोबाने उलट बाजूला बळही वाढतं. चाकावर जो धक्का बसतो, त्याच्या दुपटी-तिपटीचं बळ या अंगठ्याएवढ्या बेअरिंगांवर येतं.

आता ही बेअरिंग मरतात कशी, ते सांगतो, कारण काय बदलायचं याचा निर्णय त्यावरच आहे. चाकाचं बेअरिंग गोल-गोल फिरतं आणि प्रत्येक फेरीत ग्रीस पुन्हा पसरतं. लिंकेजचं बेअरिंग फिरत नाही, ते फक्त झुलतं. स्विंगआर्मची लांबी 60 सेमी धरा आणि चाकाचा पूर्ण प्रवास 30 सेमी. पूर्ण प्रवासातही पिव्हट जेमतेम 30 अंश वळतो, आणि रोजच्या खड्ड्यांत तर काही अंशच. म्हणजे प्रत्येक सुई आपल्या त्याच त्या इवल्याशा पट्ट्यात मागे-पुढे होते. त्या पट्ट्यातून ग्रीस एकदा बाजूला सरलं की आपोआप परत येत नाही. त्यात सीलच्या (बेअरिंगच्या तोंडावरच्या रबरी कडीच्या) कडेने पाणी शिरलं की सुई आणि बुश (बेअरिंगच्या आत बसणारी पोलादी नळी) यांच्यात कोरडा, ओला, गंजलेला संपर्क सुरू होतो. बुशवर सुयांच्या अंतराने बारीक खोबणी पडतात. ती खोबणी म्हणजेच तुमचा 'टक'.

पाणी शिरण्याचं सर्वांत मोठं कारण चिखल नसतो, धुणं असतं. जोरदार फवाऱ्याचं नाक लिंकेजजवळ धरलं की सीलचा ओठ उचलला जातो आणि पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट नसते. दुसरं कारण म्हणजे नव्या गाडीत कारखान्यातूनच ग्रीस बेताचं भरलेलं असतं. नवी कोरी गाडी आली की पहिल्या फेरीआधी लिंकेज उघडून ग्रीस भरून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एका बेअरिंगची भुकटी झाली असेल तर त्याच बोल्टवरचं जोडीचं बेअरिंग कधीच चांगलं नसतं, ते बदलाच. बाकीच्या जोडांचे बुश बाहेर काढा, पुसा, आणि नख आडवं फिरवा. नख कुठेही अडकलं तर तो बुश गेला, आणि त्यावरचं बेअरिंगही त्याच्याबरोबर गेलं. बुश निळसर किंवा तपकिरी झालाय पण गुळगुळीत आहे, सुया चमकतात, बोटाने फिरवल्यावर कुरकुर नाही, असं असेल तर ते बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून खुशाल परत वापरा. पण नवं बेअरिंग आणि जुना खोबणी पडलेला बुश ही जोडी कधीही लावू नका. या बेअरिंगला आतली रिंग नसते, बुशच आतली रिंग असतो. म्हणजे तो बेअरिंगचा निम्मा भाग आहे. जुन्या बुशवर बसवलेली नवी सुई-बेअरिंग मी एका हंगामात परत आलेली पाहिली आहेत. बेअरिंग, बुश आणि सील एकत्र येणारा किट घेतला की हा घोळच होत नाही.

होंडाचं प्रो-लिंक असो, कावासाकीचं युनि-ट्रॅक असो की सुझुकीचं फुल फ्लोटर, नावं आणि दांड्यांची रचना वेगळी, पण आत हीच सुई-बेअरिंग आणि हेच बुश. केटीएमच्या काही एंड्युरो मॉडेलांत लिंकेजच नसतं, शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो. त्यांना यातलं शॉकच्या टोकांपुरतंच लागू होतं.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. चाक आणि चेन काढा. लिंकेजचा बोल्ट निघाला की स्विंगआर्म एकदम खाली येतो आणि ब्रेकचा पाइप ताणतो, म्हणून आधी त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा द्या. प्रत्येक बोल्ट कोणत्या बाजूने घातलेला होता त्याचा फोटो घ्या. काही गाड्यांत उलटा घातलेला बोल्ट चेनला किंवा फ्रेमला घासतो. बोल्ट जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. ठोकायचंच असेल तर नट शेवटच्या आट्यांवर बोल्टच्या टोकाला समतल होईपर्यंत चढवा आणि पितळी पंचाने मारा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. शॉकच्या आत साधारण 10 बार दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. शॉक स्वतः उघडायचा नाही, त्याच्या टाकीजवळ हीट गनही न्यायची नाही. शॉक पूर्ण उतरवून दूर ठेवणं सर्वांत चांगलं.

बुश बाहेर ढकलताना खाली ट्रे धरा. काही बेअरिंगांत सुयांना पिंजरा नसतो, त्या फक्त ग्रीसच्या चिकटपणावर उभ्या असतात आणि बुश निघाला की ओघळतात. जी बेअरिंग परत वापरायची आहेत त्यांच्या सुया मोजून लिहून ठेवा. एक जरी कमी झाली तर बाकीच्या तिरक्या होऊन आत अडकतात.

आता मुख्य काम. जुनं बेअरिंग काढण्याआधी ते भोकाच्या कडेपासून किती आत बसलंय हे कॅलिपरच्या मागच्या पट्टीने मोजा, दोन्ही बाजूंनी, आणि त्या भागावरच चिकटपट्टी लावून लिहा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास देते. बेअरिंगच्या बाहेर सीलसाठी जागा सोडलेली असते, आणि दोन बेअरिंग असतील तर मध्ये ग्रीससाठी पोकळी असते. मॅन्युअलमध्ये खोली दिली असेल तर तोच आकडा खरा. नसेल तर तुमचं मोजमाप.

काढण्यासाठी दोन सॉकेट लागतात. एक बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान, तो ढकलणार. दुसरा एवढा मोठा की बेअरिंग त्याच्या पोटात मावेल आणि त्याची कड लिंकच्या धातूवर टेकेल. मधून 10 किंवा 12 मिमीचा आट्यांचा रॉड, दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट. साधा मऊ रॉड घेऊ नका, त्याचे आटे दोन बेअरिंगांत सोलवटतात. 8.8 किंवा त्यावरच्या ग्रेडचा घ्या आणि आट्यांना ग्रीस लावा. सुटा झालेला लहान लिंक असेल तर हीच रचना व्हाइसच्या जबड्यांत धरूनही होते. स्विंगआर्ममधलं बेअरिंग मात्र रॉडनेच, कारण स्विंगआर्म व्हाइसमध्ये सरळ धरता येत नाही.

नट फिरवायच्या आधी लिंक गरम करा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 24 मिमीचं भोक 25 अंशांवरून 110 अंशांपर्यंत नेलं तर ते जवळपास 0.05 मिमीने मोठं होतं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बेअरिंगचा घट्टपणाच मुळी मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजतात. हीट गन सगळीकडून फिरवत ठेवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की पुरे. गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, त्यामुळे किती तापलं ते दिसत नाही आणि त्याची मजबुती जाऊ शकते. आणि ब्रेक क्लीनरने धुतलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत हीट गन चालू करू नका. ती वाफ पेट घेऊ शकते, आणि क्लोरीनवालं क्लीनर तापलं तर विषारी वायू होतो.

शॉकच्या टोकाला गोलाकार बेअरिंग असेल तर त्याच्या बाजूला बहुधा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते. ती चिखलाखाली दिसत नाही. सर्क्लिप न काढता ओढलंत तर भोकाची कडच फुटते. कोपरा खरवडून पाहा, बेअरिंग उलट बाजूला किंचित ढकला म्हणजे सर्क्लिप सैल होईल, मग ती काढा.

कधी कधी गंजलेल्या बेअरिंगच्या सुया आणि आतला भाग निघून येतो आणि बाहेरचं पातळ कवच भोकात चिकटून राहतं. तुमच्या त्या भुकटी झालेल्या बेअरिंगचं असंच होण्याची शक्यता मोठी आहे. घाबरू नका. लहान रोटरी ग्राइंडरने कवचाला आतून लांबीत एक चीर पाडा, पण आरपार नाही, कागदाएवढी जाडी शिल्लक ठेवा. मग बारीक छिन्नीने ती कड आत वळवली की कवचाचा ताण सुटतो. कोणी वेल्डिंग करणारं ओळखीचं असेल तर आणखी सोपं: कवचाच्या आत वेल्डची एक रेघ ओढायची, थंड होताना कवच आकसतं आणि बहुतेक वेळा हाताने निघतं. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला तर तो उभा, म्हणजे बेअरिंग ज्या दिशेने सरकतं त्या दिशेचा, आणि उथळ असेल तर चालतो. कड उचललेली असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढीच बसवा, सगळं भोक घासू नका.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, पिशवीत बंद करून. भोक स्वच्छ, तेलाचा हलका हात. लिंक पुन्हा गरम. बेअरिंगच्या ज्या तोंडावर नंबर छापलेला असतो ते तोंड जोर घेण्यासाठी असतं, म्हणून सॉकेट त्याच बाजूला टेकवायचा आणि ते तोंड बाहेर ठेवायचं. सॉकेटचा व्यास कवचाच्या काठावर बसेल इतकाच हवा, सुयांवर जोर अजिबात जाता कामा नये.

इथे हातोडीचा प्रश्न. सुई-बेअरिंगचं कवच म्हणजे पातळ पत्रा ओढून बनवलेली वाटी. हातोडीचा घाव कधीच बरोबर मध्यावर बसत नाही. बेअरिंग एका बाजूने आधी आत जातं, तिरकं होतं, आणि दुसऱ्या घावाला कवच त्या जागी चेपतं. वरून सगळं ठीक दिसतं. पण चेपलेल्या जागी सुया अडतात, त्या फिरत नाहीत, घासतात. महिन्याभरात तिथेच पहिला गंज दिसतो. रॉडने ओढताना पहिले दोन-तीन मिलिमीटर फार हळू जा, प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर चारी बाजूंनी पाहा. जोर एकदम वाढला तर थांबा. बेअरिंग तिरकं आहे किंवा खाली खांदा आला आहे, नट आणखी ओढल्याने दोन्हीपैकी काहीच सुधारत नाही. मागे घ्या, पुन्हा गरम करा, पुन्हा सुरू करा. लिहून ठेवलेली खोली जवळ आली की पाव-पाव फेरी, दर वेळी कॅलिपर. जास्त आत गेलं तर सीलला आधार राहत नाही, आणि मागे ओढताना नवं बेअरिंग खराब होण्याची शक्यता असते.

उलटही घडतं. बेअरिंग हाताच्या दाबानेच भोकात सरकत असेल तर आनंद मानू नका. जुनं बेअरिंग भोकात फिरत राहिल्याने भोक मोठं झालेलं आहे. चिकटवणारं द्रव लावून तात्पुरतं काम चालतं असं लोक सांगतात. एवढ्या बळाच्या जोडावर मी ते करत नाही, तो लिंकच बदलतो.

ग्रीस पाण्याला टिकणारं हवं. कॅल्शियम सल्फोनेटचं किंवा बोटींसाठी मिळणारं चांगलं. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये मॉलिब्डेनमचं ग्रीस सांगतात, तिथे तेच. जुन्याच्या उरलेल्या थरावर दुसऱ्या जातीचं ग्रीस भरू नका, काही जाती एकत्र आल्या की पातळ होऊन वाहतात. बोटाने सुयांच्या मधे दाबून भरा, बुश घालून फिरवा, काढा, पुन्हा भरा. सीलच्या ओठालाही लावा. सीलचा ओठ बहुतेक ठिकाणी बाहेरच्या बाजूला असतो, पण काढतानाच्या फोटोवर विश्वास ठेवा.

बोल्ट काचेवर घरंगळवून पाहा. डुलला तर वाकलेला आहे, बदला. बोल्टच्या दांड्याला पातळ ग्रीस, आट्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेच. बहुतेक मोठ्या गाड्यांत लिंकेजचे बोल्ट 50 ते 80 न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात येतात, पण एकाच गाडीत प्रत्येक बोल्टचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून टॉर्क पाना आणि तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल समोर ठेवूनच. एकेक बोल्ट कसल्यावर तो जोड हाताने हलवा. बोल्ट बुशला दोन कानांमध्ये आवळतो आणि लिंक त्या बुशवर मोकळा झुलतो, असं हे गणित आहे. कसल्यावर लिंक जड झाला तर बेअरिंगची खोली चुकली आहे किंवा दोन जोडांचे बुश आपापसांत बदलले गेले आहेत. सवयीने सैल होईल म्हणून तसंच जोडू नका.

सगळं बसल्यावर सॅग (वजनाने गाडी मागून किती खाली बसते ते) पुन्हा मोजा. ढिल्या किंवा जाम लिंकेजवर घेतलेला जुना आकडा निरुपयोगी असतो. मोठ्या गाडीत चालक बसून साधारण 100 ते 105 मिमी मिळायला हवा. नवी बेअरिंग घातल्यावर तो काही मिलिमीटरने बदललेला मला बऱ्याचदा दिसतो, आणि मग लोकांना वाटतं की स्प्रिंग बिघडली.

पहिल्या दोन-तीन तासांच्या फेरीनंतर बोल्टांचा टॉर्क एकदा तपासा. पुढे कोरड्या मातीत दर 40 तासांनी आणि चिखल-पाण्यात दर 20 तासांनी लिंकेज उघडतो, ही माझी स्वतःची सवय आहे, नियम नाही. उघडल्यावर आधी ग्रीसचा रंग बघा. घातलं तसंच असेल तर थोडं पुसून नवं भरा आणि बंद करा. दुधाळ किंवा तपकिरी दिसलं तर पाणी आत आलं आहे, आणि त्या बाजूचा सील त्याच दिवशी बदला, बेअरिंग अजून चांगलं दिसत असलं तरी.